पॅनकार्डाचा धाकटा भाऊ

इस्त्री फिरवायच्या आधी शर्टाचा खिसा का नाही चाचपला? मोतीरामला मी हे कितीदा तरी विचारलं. कागदाचं कोण ऐकतं?

मी चंद्रकलाबाईंच्या पॅनकार्डाचा झेरॉक्स कागद. ते कार्ड माझा मोठा भाऊ. काल संध्याकाळी पांढुर्ण्याच्या स्टँडजवळच्या दुकानात तो काचेवर पालथा झोपला, त्याच्याखालून उजेड सरकला आणि मशीनच्या दुसऱ्या बाजूने मी गरमागरम बाहेर पडलो. तो गुळगुळीत, रंगीत, अंगावर चमकता शिक्का. मी काळापांढरा. माझ्यावरचा बायकोचा फोटो पाहून मोतीराम हसला, "हे तर चूल फुंकून राहिली असं दिसते!" भाऊ मात्र हसला नाही. घरी येईपर्यंत मी त्याला खेटून होतो. तेवढाच आमचा सहवास.

घरी मोतीरामने मला फाइलीत ठेवलं आणि त्याला शर्टाच्या खिशात. सकाळी बायकोसोबत सौंसरला जायचं म्हणून त्याने मोठ्या हौसेने तोच शर्ट इस्त्रीला घेतला. आधी वास आला. मग चंद्रकलाबाई धावल्या. भाऊ वितळून कापडाला चिकटला होता. ना नाव उरलं, ना फोटो.

मला फाइलीतून उडी मारायची होती. मारलीही. पंख्याच्या वाऱ्याने थेट चुलीजवळ गेलो! चंद्रकलाबाईंनी पाय ठेवून धरलं म्हणून वाचलो. त्यांच्या टाचेची खूण अजून माझ्या पाठीवर आहे.

"आता कसं करायचं वं?" मोतीराम रडवेला झाला.

"आता तुम्ही इस्त्री सोडा अन् दुसरा शर्ट घाला," त्या म्हणाल्या.

त्यांची सौंसरच्या मुलींच्या वसतिगृहात नोकरीसाठी निवड झाली होती. पॅनकार्ड दाखवायचा आज शेवटचा दिवस. पाच वाजले की यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार. फोन केला तर तिथले बाबू म्हणाले, "नवीन कार्डाच्या अर्जाची पावती आणा, चालेल."

दोघं सौंसरच्या एका ऑनलाइन सेंटरवर पोचली. तिथल्या वैभवने मला हातात घेतलं, आधार पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली. "काकू, वडील कुठे आहेत?"

"लोधीखेड्याले. काहून?"

"कार्डावर वडिलांचं नाव मोतीराम आहे ना, म्हणून विचारलं."

"मोतीराम मी हाय!" मोतीराम म्हणाला.

वैभव उठून उभाच राहिला. "नमस्कार बाबा. मुलगी तुमच्यापेक्षा मोठी दिसते."

चंद्रकलाबाई हसता हसता खाली बसल्या. झालं होतं असं, की आपल्याकडे बाई नाव सांगते ते नवऱ्याचं नाव मध्ये घालून. कार्ड काढलं तेव्हा अर्ज भरणाऱ्याने ते मधलं नाव बापाच्या रकान्यात टाकलं. भावाने ते इतकी वर्षं मुकाट्याने मिरवलं. मीही तसंच छापून घेतलं. मी काही शिकलेला नाही. नवरा कोण आणि बाप कोण, मला काय कळतं?

"अर्जात ही चूक तशीच नाही ठेवता येत," वैभव म्हणाला. "खऱ्या वडिलांचं नाव असलेला कागद आणा. दहावीची मार्कशीट असेल तर उत्तम."

मार्कशीट माहेरी. घड्याळात दोन. मोतीरामने मोटारसायकल अशी हाणली की फाइलीत माझे चारही कोपरे थरथरत होते.

लोधीखेड्यात चंद्रकलाबाईंचे वडील, डोमाजीबुवा, अंगणात शेंगा सोलत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू, इतके वर्स माह्यं बापपण वापरलं. आता वापस करा."

"घ्या मामाजी," मोतीराम म्हणाला, "मले तं नवरेपणच झेपून नाई राहिलं!"

म्हातारा हसत आत गेला. मार्कशीट लोखंडी पेटीत तळाशी होती, मऊ धुतलेल्या धोतराच्या घडीत. "तू दहावी झाली तेव्हापासून हाय," ते लेकीला म्हणाले. "तुह्या नावासंग माह्यं नाव छापलेला एवढा एकच कागद." चंद्रकलाबाईंनी डोळे पुसले आणि मार्कशीट माझ्या शेजारी ठेवली. त्या कागदाला जुन्या साबणाचा वास येत होता. भाऊ गेल्यापासून मला पहिल्यांदाच शेजार मिळाल्यासारखं वाटलं.

सव्वाचारला परत सेंटरवर. वैभव भराभर भरत गेला. वडिलांचं नाव, डोमाजी. मग माझ्यावरून पॅन नंबर वाचू लागला आणि शेवटच्या अक्षराशी अडला. सकाळी टाचेखाली नेमकी तिथेच माझी घडी पडली होती.

"ई आहे की एफ? काकू, ओरिजिनल द्या ना."

मोतीरामने मान खाली घातली. तेव्हा भावाची फार आठवण आली. त्याच्यावर ते अक्षर किती स्वच्छ होतं!

चंद्रकलाबाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि तळहाताने घासलं. एकदा, दोनदा. घडीत अंग दुखत होतं. फाटलो तरी चालेल म्हटलं, मला आता सरळ व्हायचंच आहे. त्यांच्या हाताखाली मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून अंग ताणलं, आणि वैभवला तो एफ वाचू दिला. पाचला दहा मिनिटं असताना पावती निघाली, आणि मोटारसायकल वसतिगृहाकडे धावली.