जळक्या गुळाचा वास

मेलेली माणसं परत येतात ती स्वप्नात, नाहीतर तिन्हीसांजेला पिंपळाखाली, असं लोणावळ्याजवळच्या औंढ्यात सगळेच सांगतात. मेहमुदाचा नवरा मकसूद मात्र आला तो वासाने. त्याच्या चाळिसाव्याचे पाहुणे गेले, पातेली घासून झाली, गॅस बंद होता, आणि तिला जळक्या गुळाचा वास आला. कुणीतरी उजव्या अंगाला येऊन बसावं तसा.

दुसरी कुणी असती तर कढई शोधायला धावली असती. मेहमुदा जागची हलली नाही. बावीस वर्षं मकसूद लोणावळ्याच्या एका चिक्कीच्या कारखान्यात पाकाच्या कढईवर होता आणि रोज संध्याकाळी तो हाच वास अंगावर घेऊन घरी यायचा. दोनदा साबण लावला तरी सदऱ्यातून निघायचा नाही. तिने हळूच विचारलं, "आलात का?" आणि तिच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हता तो.

त्यानंतर तो येतच राहिला, बहुतेक वेळा संध्याकाळी. म्हणून ती रोज मगरिबच्या नमाजानंतर लोबान जाळू लागली. धूर इतका की तिची मुलगी तमन्ना डोळे चोळत ओट्यावर जाऊन बसायची. पावसाळ्यात भिंतींना बुरशी आली, मेहमुदाचं डोकं जड झालं, नाक गच्च बसलं. मेडिकलवाल्याकडून तिने थेंब आणले. ते आठवडाभरच घालायचे होते, तिने दिवसातून पाच वेळा घालत दोन महिने काढले. कांद्याचा वास गेला, कोथिंबिरीचा गेला, लेकीच्या केसांतल्या तेलाचा गेला. उरला तो एकच. तो राहिला म्हणून बाकीच्यांचं तिला काही वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं.

मकसूदचं नाक ही घरातली जुनी गंमत होती. पहाटे नमाजाआधी वजू करताना तो मोरीवर ओणवा होऊन नाकात पाणी ओढायचा आणि असा फुर्रर्र करून सोडायचा, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. तमन्नाला गजर कधी लावावा लागला नाही. कढईवर बसणाऱ्याने नाक साफ ठेवलं पाहिजे, असं तो म्हणायचा, कारण पाक बिघडतो तेव्हा डोळ्याला कळायच्या आधी नाकाला कळतं. पहाटे तो आवाज बंद झाल्यापासून घर सुन्न होतं. मेहमुदा नमाज चुकवत नव्हती, पण पाणी नाकात झोंबायचं, म्हणून नुसतं बोट ओलं करून लावायची.

मकसूदच्या मागे शेठने कढई तिलाच दिली होती. त्याच्या हाताखाली काम केलेल्या तिच्याइतका दुसऱ्या कुणाचा हात तिथे बसलेला नव्हता. भाद्रपदातल्या एका दुपारी पाक चढला होता आणि तो वास आला. कारखान्यात तो पहिल्यांदाच आला. मेहमुदाचे डोळे आपोआप मिटले. मनात ती त्याला सांगू लागली, की तमन्नाला तळेगावात नोकरीची आशा आहे, छताचा पत्रा बदलायला हवा. कुणीतरी तिचं नाव घेऊन ओरडत होतं, ते तिला लांबून आल्यासारखं वाटलं. डोळे उघडले तेव्हा कढई काळी पडून धुमसत होती. ओट्यावर चिक्की लाटणारी चिमाबाई ती उतरवायला धावली, आणि उकळता पाक तिच्या मनगटावर सांडला.

त्या दिवशी खरोखर गूळ जळत होता. मेहमुदाने त्याला आपला नवरा समजलं.

शेठ ओरडला नाही, त्याचंच तिला जास्त लागलं. नाक नीट करून या, तोवर पॅकिंगला बसा, एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधलेली चिमाबाईच तिला डॉक्टर अनघाकडे घेऊन गेली. पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी नाकात दुर्बीण घातली, थेंबांची बाटली पाहून कपाळाला हात लावला, आणि सांगितलं की हे थेंब जास्त दिवस घातले की नाक उलट जास्त चोंदतं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, काही जळत नसताना जळल्याचा वास येतो का?"

मेहमुदा खुर्चीच्या कडेला सरकली. मकसूदचं गुपित या पोरीला कुणी सांगितलं?

"येतो बऱ्याच जणांना. सायनस भरलेत तुमचे. सूज उतरली की जाईल."

"जाईल म्हनजे? परत न्हाई येनार?"

"नाही येणार, बहुतेक. काळजी करू नका."

मग त्यांनी सगळं समजावलं. उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात चिमूटभर मीठ, ओणवं होऊन एकेका नाकपुडीतून सोडायचं, जोरात शिंकरायचं नाही. थेंब बंद, त्याऐवजी लिहून दिलेला फवारा. घरात धूर नको. मेहमुदाने मान डोलावली, चिठ्ठी कनवटीला लावली आणि आठ दिवस यातलं काहीही केलं नाही. लोबान तेवढा दुपटीने जाळला.

पण पॅकिंगच्या टेबलावर समोर चिमाबाई बसायची. डाव्या हाताने खोकी बांधायची, दातांनी चिकटपट्टी तोडायची, आणि एका शब्दाने बोल लावायची नाही. नवव्या दिवशी मेहमुदाला ते सोसेना. तिने सगळं सांगून टाकलं, तो वास, ते बोलणं, सगळं. चिमाबाई हसेल असं तिला वाटलं होतं. ती हसली नाही.

"मकसूदभाऊ आला असता ना," ती म्हणाली, "तर कढईकडं बघ म्हनला असता. तुला डोळं मिटून बसू दिलं न्हवतं त्यानं कधी."

त्या संध्याकाळी लोबानदाणी माळ्यावर गेली. दुसऱ्या पहाटेपासून मेहमुदा मोरीवर ओणवी होऊ लागली. पहिल्यांदा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, कपाळात कळ गेली. ती नेटाने करत राहिली. वास विरळ होत गेला. एका गुरुवारी भाकरी थापताना तो आला, तवा तापेपर्यंत थांबला आणि गेला. ती वाट बघत राहिली. शुक्रवारी आला नाही, शनिवारीही नाही. आपण आपल्या हाताने माणूस घराबाहेर काढला असं तिला वाटलं, आणि मोरीचं दार लावून ती पोटभर रडली.

पंधरवड्याने कोथिंबिरीचा वास आला. मेहमुदाने जुडी टाकली आणि थेट पेटी उघडली. मकसूदचा सदरा तिने नाकाशी धरला. बंद नाकाने इतके महिने जो जिवापाड सांभाळला, त्या सदऱ्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. गुळाचा अंशसुद्धा नव्हता.

सोमवारी शेठ कढई परत देणार होता. त्या पहाटे ती नेहमीसारखी मोरीवर बसली होती. नाक आता मोकळं होतं, पाणी सरळ आत गेलं, आणि हळू सोडायचं ध्यानात यायच्या आत तिच्याकडून तो आवाज निघाला. फुर्रर्र. गोठ्यातल्या म्हशीची साखळी वाजली.

आत गोधडी सरकली. पावलं धावत आली. केस मोकळे, डोळे अर्धवट मिटलेले, अशी तमन्ना दारात उभी राहिली. झोपेतल्या चेहऱ्यावर इतका आनंद मेहमुदाने वर्षभरात पाहिला नव्हता.

"अब्बा?"

मेहमुदा तशीच ओणवी राहिली. नाकातून पाणी टपकत होतं, आणि मी आहे गं, एवढं म्हणायला तिचं तोंड उघडेना.