काज-बटणाची कमाई

माझ्या बायकोला आणि समोरच्या घड्याळजीच्या बायकोला एकाच वर्षी किडनीचा आजार निघाला. आमचा मजला एक, जिना एक, दवाखानाही एकच. माझी बायको गेली. त्याची आहे.

गेल्या आठवड्यात त्यांच्या घराची चौकशी करायला दवाखान्यातून एक बाई आली होती. तेव्हा मी काय करायला निघालो होतो ते मी अजून एकाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

मी शर्ट शिवतो. बायको काज-बटण करायची, माझ्या शर्टांचं आणि आणखी चार दुकानांचं. तिने केलेलं काज उसवलेलं मी कधी पाहिलं नाही. समोरचा घड्याळजी एका दुकानात पगारावर आहे. संध्याकाळी घरी आला की डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त करतो, ते पैसे वेगळे. बायकोने त्याचं नाव टिकटिकभाऊ ठेवलं होतं. तोंडावरच म्हणायची.

दोघींना डायलिसिस आठवड्यातून तीनदा सांगितलं होतं. एका वेळी चार तास. आधी पैसे भरायचे, पावती दाखवायची, मग खाट मिळायची. महिन्याचा आकडा ऐकून मी तिथल्या बाकावर बसलोच. घड्याळजी म्हणाला, "उठा भाऊ, मदत योजना आहे. कार्ड मिळालं की सगळं फुकट."

कार्डासाठी आम्ही दोघं आठ दिवस फिरलो. एका खिडकीवर म्हणाले डॉक्टरचं पत्र आणा, डॉक्टर म्हणाला आधी खिडकीवरून नंबर आणा. शेवटी फॉर्म मिळाले. ते भरायला तो आमच्याकडे आला, कारण त्याच्या टेबलावर घड्याळांमुळे कागद ठेवायला जागा नव्हती.

फॉर्मात एक रकाना होता, घरातल्या इतर माणसांचं उत्पन्न. बायको खाटेवर पडून होती, तिथून म्हणाली, "माझं लिहा."

"तुझं काय लिहू? दोन महिने सुई धरली नाहीस तू."

"म्हणून काय झालं? वीस वर्षं केलं ना? बँकेत, घराच्या करारात, जिथे तिथे माझ्या नावापुढे तुम्ही 'काही नाही' लिहिलंत. आता एकदा तरी खरं लिहा."

घड्याळजी म्हणाला, "वहिनी, नका लिहू. बंद पडलेलं घड्याळ कुणी चालू म्हणून दाखवतं का?"

"माझं काम म्हणजे बंद घड्याळ होय हो, टिकटिकभाऊ? तुम्ही तुमचं झाका. मी माझं लिहिणार."

तो ओशाळला. आम्ही दोघं हसलो. मी चांगल्या अक्षरात लिहिलं, व्यवसाय काज-बटण, आणि पुढे चालू असताना मिळायची ती महिन्याची कमाई. तिने कागद मागून घेतला आणि बराच वेळ वाचत राहिली. चार शब्द वाचायला इतका वेळ लागत नाही.

तेवढ्या कमाईने आम्ही मर्यादेच्या वर गेलो. फार नाही, थोडेच. अर्जावर नामंजूरचा शिक्का बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घड्याळजीने फक्त पगार लिहिला होता, त्याला कार्ड मिळालं.

मी पैसे भरत राहिलो. आधी तिचं मशीन विकलं, मग माझ्या दोन मशीनांपैकी एक. मग एक दिवस ती म्हणाली, "दोनदा पुरे आता. मला बरं वाटतंय." डॉक्टर ओरडला. तरी मी दोनदाच नेत राहिलो. तिला बरं वाटत नव्हतं हे मला दिसत होतं. आठ महिने काढले तिने.

त्यानंतर मला समोरचं दार बघवेना. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी ते दोघं निघाले की माझ्याच्याने सुईत दोरा ओवला जायचा नाही. घड्याळजीच्या बायकोच्या तोंडावर जरा तजेला दिसला की मी दार लावून घ्यायचो. पंख्याचा वेग किती ठेवायचा यावरून ते रोज भांडतात. तिला गार लागतं, त्याला उकडतं. लोक दुसऱ्याच्या सुखावर जळतात, मी त्यांच्या भांडणावर जळायचो. दाराजवळ उभा राहून शेवटपर्यंत ऐकायचो. मध्ये त्याने माझ्याकडे शर्ट शिवायला टाकला, तर मी मुद्दाम कॉलर अर्धा इंच आवळ शिवली. तो तसाच घालतो, मान ताठ धरून. तक्रार केली नाही. तेव्हा त्याचाही राग आला.

चौकशीची बाई बुधवारी दुपारी आली. ते दोघं दवाखान्यात होते. तिने आधी त्यांचं दार वाजवलं, मग माझं.

"समोरच्यांच्या कार्डाचं वर्ष संपलंय," ती म्हणाली. "पुढे चालू ठेवायचं तर शेजाऱ्याचा जबाब लागतो. पाच मिनिटांचं काम आहे, काका."

ती आत येऊन बसली. नाव, किती वर्षं ओळख, घरात माणसं किती, असं विचारत गेली. मग म्हणाली, "पगाराशिवाय घरी काही जोडधंदा करतात का?"

हे मला कुणीतरी विचारावं म्हणून बायको गेल्यापासून मी थांबलो होतो. उत्तर जिभेवर होतं.

मी म्हणालो, "पाणी देतो तुम्हाला."

पाणी देताना तिला आमची हकीकत सांगितली. फॉर्म, काज-बटण, शिक्का. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण बंद झालेलं उत्पन्न लिहिलंत कशाला? आणि लिहिलंत तरी दुरुस्तीचा अर्ज असतो की. एका पानाचा. पाच नंबरच्या खिडकीवर मिळतो. काम सुटलंय एवढं लिहून दिलं असतंत तर झालं असतं."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"विचारावं लागतं, काका."

एक पान. मला त्या खिडकीचा राग आला, खाटेवरून 'माझं लिहा' म्हणणाऱ्या बायकोचा आला, चांगल्या अक्षरात लिहिणाऱ्या माझा तर आलाच. पण खिडकी दूर होती आणि बायको नव्हती. समोर घड्याळजीचं दार होतं.

"हो," मी म्हणालो. "करतो तो."

"काय करतात?" तिने पेन टेकवलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सात पायऱ्या चढून थांबली. ते थांबणं मला ओळखू येतं. माझी बायको सुरुवातीला नऊ पायऱ्यांवर थांबायची, शेवटी शेवटी तीनवर. खालून घड्याळजीच्या बायकोचा आवाज आला. "अहो, ती पिशवी ठेवा ना खाली. कुणी पळवत नाही."

"तू बोलू नकोस. दम लागेल."

"गप्प राहूनही लागतोच ना? मग बोलते."

चौकशीची बाई म्हणाली, "काका? काय करतात म्हणालात?"

"बायकोचं करतो," मी म्हणालो. "स्वयंपाक, धुणंभांडी, औषधं, तिला वर चढवणं. जोडधंद्याला वेळ कुठे आहे त्याला?"

तिने लिहिलं. मी सही केली.

ते दोघं वर आले. माझ्या दारात बाई आणि तिच्या हातातला कागद बघून घड्याळजीचा चेहरा उतरला. बाईने त्याच्या बायकोला तब्येत विचारली, त्याचीही एक सही घेतली आणि "कार्ड चालू राहील" म्हणून खाली गेली. बायकोला आत निजवून तो माझ्या दारात आला. हात जोडायला लागला.

"जोडू नकोस," मी म्हणालो. "सांगणार होतो मी. अर्धं सांगितलंही होतं. तुझ्या बायकोने जिन्यावर तोंड उघडलं नसतं, तर आज कार्ड गेलं असतं तुझं."

मला वाटलं, आता चिडेल. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मला माहीत आहे, भाऊ," तो म्हणाला. "मी तुमच्या जागी असतो, तर पुरतं सांगितलं असतं."

मी म्हणालो, "पाच नंबरच्या खिडकीवर दुरुस्तीचा अर्ज मिळतो, हे तुला ठाऊक होतं?"

"नाही हो. देवाशपथ नाही. मला तर माझंच उघडं पडेल ही भीती. मी कुठल्याच खिडकीवर काही विचारत नव्हतो."

मला ते खरं वाटलं. त्याने काही बरं वाटलं असं नाही. त्याच्या मानेवर त्या कॉलरचा लाल वळ उमटला होता. "शर्ट आणून दे," मी म्हणालो. "कॉलर सैल करून देतो."

आतून त्याच्या बायकोने हाक मारली. पंखा कमी करायला सांगत होती. तो तसाच उभा होता, माझ्याशी काहीतरी बोलायचं म्हणून.

"अरे जा," मी म्हणालो. "हाक मारतेय ना ती."