पवळ्याचा घास

भाद्रपदी पोळ्याला तीन दिवस उरले होते आणि हिंमतरावांचा पवळ्या देवळाच्या चढावर निम्म्यात थांबून काळा धूर ओकत होता. पवळ्या म्हणजे ट्रॅक्टर. अडुसष्ट सालचा, लाल, आणि हिंमतरावांच्या मते अख्ख्या वाघोलीत त्यांच्या खालोखाल अक्कल असलेला एकमेव जीव.

मूळचा पवळ्या बैल होता. तो म्हातारा होऊन गेला, मग जमिनी गेल्या, जिथं ज्वारी डुलायची तिथं बारा-बारा मजले उभे राहिले. पण पोळ्याला सगळ्यांच्या आधी देवळापाशी पोचून तोरण तोडायचा मान हिंमतरावांच्या घरात होता, तो होताच. बैल नाही म्हणून काय मान सोडायचा? छट्! त्यांनी ट्रॅक्टरलाच झूल घातली, बाशिंग बांधलं, नाव दिलं आणि मागच्या ट्रॉलीत नगारा चढवून बारा वर्षं तोरण तोडलं. गेल्या साली मात्र पवळ्या चढावर धापा टाकायला लागला. चार जणांनी ढकलून वर नेला. देवळाच्या कमिटीनं तिथंच सांगून टाकलं, की यंदा ढकलावा लागला तर मान रामदासच्या नव्या ट्रॅक्टरला. रामदास भावकीतला. भावकीतला म्हटल्यावर पुढचं सांगायला नकोच.

हिंमतरावांनी पवळ्याला मागं घेऊन देवळाच्या पायथ्याशी उभं केलं. डिझेलचा फिल्टर बदलून झाला होता, टाकी धुऊन झाली होती. मेकॅनिक म्हणाला होता, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उतरवायला पंधरा दिवस लागतील. पंधरा दिवसांनी काय, वरातीला न्यायचा?

तेवढ्यात समोरच्या सोसायटीतून एक गृहस्थ तरातरा खाली आले. हातात चादर.

"ही सकाळी पांढरी होती," ते म्हणाले.

हे दिगंबर सर. इंजिनिअरिंग कॉलेजात चौतीस वर्षं इंजिनं शिकवून निवृत्त झालेले, आणि पेठेतलं घर सोडून मुलाच्या आग्रहाखातर तिसऱ्या मजल्यावर राहायला आलेले. पेठ सुटली होती, जीभ तीच होती.

"भांडायला आला असाल तर आज येळ न्हाई," हिंमतराव म्हणाले. "माझ्या घरचा मान जायची पाळी आलीया."

"भांडण उद्याही करता येईल. धूर आत्ता आहे. सुरू करा बघू."

हिंमतरावांकडून मेकॅनिकचं निदान ऐकून घेत सरांनी पवळ्याला चढावर चार हात चालवायला लावलं, मग खाली वाकून मागच्या दोन्ही चाकांना मधोमध हात लावून पाहिला. चाकं गार होती, म्हणजे ब्रेक अडकून बसले नव्हते. मग त्यांनी चादर उन्हात धरली आणि तिच्याकडे असं बघितलं, जसं काही तिच्यावरच परीक्षेचा पेपर छापलाय.

"रिंगा गेल्यात म्हणून कोण म्हणालं? रिंगा गेल्या की निळा धूर येतो. माझी चादर निळी झालेली नाही, काळी झालीय. डिझेल पोटभर मिळतंय, हवा मिळत नाहीये. ताट वाढलंय आणि नाक दाबलंय. ती जाड रबरी नळी काढा."

हवेच्या गाळणीतून इंजिनात जाणारी ती नळी हिंमतरावांनी सोडवली. पवळ्या असा हंबरला, की देवळावरची कबुतरं उडाली. हिंमतरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. अहो, वर्षभरात हा आवाज कानावर पडला नव्हता!

"असाच नेतो!"

"न्या. वाघोलीत बांधकामं चाललीयत तेवढी सगळी धूळ पोटात घेईल, मग खरंच रिंगा जातील. गाळणी उघडा."

बॉनेटच्या वर उभ्या असलेल्या नळकांड्याचं टोपीसारखं झाकण हिंमतरावांनी उचललं. आत काहीतरी पिवळट, चिकट बसलं होतं. पान्याच्या टोकानं त्यांनी गोळा बाहेर काढला, हुंगला आणि त्यांचं टाळकंच फिरलं.

"गूळ! रामदासनं गूळ घातला! मुडदा बशिवला त्याचा!" म्हणत ते पाना घेऊन रामदासच्या घराकडं निघालेसुद्धा.

"थांबा!" सरांनी तो गोळा नाकाशी नेला होता. "गूळ आहे. पण जायफळही आहे. आणि वेलदोडा. दुश्मन इतक्या निगुतीनं घालत नाही, हिंमतराव. ही पुरणपोळी आहे."

हिंमतराव थबकले. समोरून त्यांच्या मंडळी दुर्गाबाई चहा घेऊन येत होत्या.

"पुरनपोळी व्हय? ती मीच घालते की," त्या सहज म्हणाल्या.

हिंमतरावांनी एकदा बायकोकडं, एकदा त्या गोळ्याकडं पाहिलं.

"आसं काय बघताय? बैल हुता तवर पोळ्याला पयला घास त्याचा. तुमी ह्याला झूल घातली, बाशिंग बांधलं, नाव ठिवलं. आन् उपाशी ठिवायचं? तुमीच तर दावलं हुतं, हितनं ह्यो आत घेतो म्हनून. पोळ्याला एक, गौरी जेवल्या की एक. बारीक तुकडे करून. आन् खायाचा की! फुडच्या सनाला जागा झालेली आसायची."

"खात नव्हता, वहिनी," सर म्हणाले. "ओढून गाळणीच्या जाळीत साठवत होता."

दुर्गाबाईंनी चहा तिथंच जमिनीवर टेकवला. "म्हंजे घरचा मान माझ्यापायी चालला हुता?"

हिंमतराव तोंड भरून ओरडणार होते. पण बायकोचा चेहरा पाहिला आणि त्यांना एकदम भडभडून आलं. आपण बारा वर्षं झूल आणि नगारा मिरवला. त्या लोखंडाला भूक लागली असेल, हे हिलाच सुचलं.

"बारा वर्षं पुरणावर इंजिन चाललं," सरांनी चहाचा घोट घेतला. "मला तर पुरणाचं कौतुक वाटतं. जाळी रॉकेलमध्ये भिजवा, खालच्या वाटीत नवं तेल घाला. आणि चादर मला परत नको."

पोळ्याच्या दिवशी तीच चादर झूल झाली. दुर्गाबाईंनी तिला लाल काठ शिवला होता. ट्रॉलीत नगारा, वर पाच माणसं, मागं रामदास ट्रॅक्टर सुरू ठेवून वाट बघत उभा. हिंमतरावांनी देवाचं नाव घेतलं आणि पवळ्या चढाला लागला. निम्म्यावर त्यांनी श्वास रोखला. पवळ्यानं मात्र श्वास भरून घेतला आणि थेट वर जाऊन तोरण तोडलं! रामदासनंसुद्धा हॉर्न वाजवला. मनातून वाजवला की नाही, देव जाणे.

वर दुर्गाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. सवयीनं त्यांचा हात झाकणाकडं गेला आणि तसाच थांबला.

"आता ह्यो पयला घास कुनाला द्यायचा वो?"

हिंमतराव खाली उतरले. डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला आणि भर गावासमोर मान वाकवली.

"मला दे. औत म्याबी वढलंय."

दुर्गाबाईंनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि सबंध पोळीची गुंडाळी करून त्यांच्या तोंडात घातली. हिंमतरावांचे गाल फुगले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"चावा नीट," दुर्गाबाई म्हणाल्या. "जाळीत अडकंल."