चुकीच्या घरात बसलेले पिस्टन

मित्रांनो, मी एक जुना ट्रम्पेट आहे. पितळेचा, कडेला जरा चेपलेला, पण आवाजाने अजून खणखणीत. मात्र परवापासून मी पुरता सुन्न झालो आहे. जे कळलं ते अजून माझ्या पचनी पडत नाही. आता तुम्हीच ऐका.

कारखान्यात पितळेच्या पत्र्याला ठोकून ठोकून कारागिरांनी माझं तोंड रुंद केलं, नळ्या वाकवल्या आणि मधोमध तीन पिस्टन बसवले. बोटांनी दाबायचे हे तीन दांडे हवेला कधी या नळीतून तर कधी त्या नळीतून पाठवतात. दिसायला तिघे सख्खे भाऊ, पण प्रत्येकाची भोकं वेगळी. म्हणून प्रत्येकावर बारीक आकडा कोरलेला असतो. एक भाऊ दुसऱ्याच्या घरात शिरला की हवा कोंडते आणि माझी दातखिळी बसते.

मला विकत घेतलं एका हडकुळ्या तरुणाने. मित्र त्याला 'भोंगा' म्हणायचे. त्याने पहिल्यांदा फुंकलं तेव्हा मीच दचकलो. एवढा मोठा आवाज माझ्या पोटात होता? पुढे नाटकगृहांत, नाचाच्या हॉलमध्ये, बागेतल्या मांडवात आम्ही दोघांनी नुसता धुमाकूळ घातला. टाळ्या पडायच्या त्याला, पण चमकायचो मी. त्याची बायको शाळेत चित्रकला शिकवायची. कार्यक्रमाला आली की पहिल्या रांगेत बसायची आणि सूर चढला की श्वास रोखून धरायची.

एकदा रंगमंचामागच्या ओल्या पायऱ्यांवरून भोंग्याचा पाय घसरला. तेव्हा त्याने काय करावं? मला वाचवायला दोन्ही हात वर धरले आणि स्वतः तोंडावर आपटला! वरचा ओठ फाटला, टाके पडले. मला साधा ओरखडाही नाही. डॉक्टर म्हणाले, "वाजवता येईल की नाही, आत्ता काही सांगता येत नाही."

तो दवाखान्यात असताना त्याच्या बायकोने माझ्यावर सुकलेलं रक्त पाहिलं. तिने मला कोमट पाण्यात घातलं आणि रंगाचे ब्रश धुवावेत तितक्या हळुवारपणे माझी नळी न् नळी धुतली. पिस्टन काढून टॉवेलवर वाळत ठेवले. मग एकेक उचलून परत बसवले. आकड्यांचं तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. पहिला तिसऱ्याच्या घरात गेला, तिसरा पहिल्याच्या. माझ्या काळजात धस्स झालं. पण ट्रम्पेट स्वतःहून बोंबलणार तरी कसा?

टाके निघाले. एका सकाळी, बायको शाळेत गेल्यावर, त्याने दार लावून मला ओठाशी धरलं. ओठ अजून बधिर होता. त्याने फुंकलं आणि नुसती फुस्स करून हवा आतच कोंडली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ज्याची भीती होती तेच झालं, असं त्याला वाटलं. मी वाट पाहत होतो, आता उघडून बघेल, दोन मिनिटांचं काम आहे! पण त्याने मला पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटात, पांघरुणांच्या मागे. एवढा मोठा वाजवणारा, आणि एका फुंकरीत हार मानली! त्या दिवशी माझ्या पायाखालची जमीन सरकली, म्हणजे पाय असते तर सरकली असती.

पुढचं सगळं मी कपाटाच्या फटीतून ऐकलं. भोंग्याचे 'सर' झाले. फुंकवाद्यांचा मोठा वाद्यवृंद उभा राहिला, समोर हे हातात बारीक काठी घेऊन उभे. स्वतः एक सूर न काढता अख्ख्या ताफ्याला वाजवायचं! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं मी मनात म्हणायचो. पण शिकवायचे मात्र जीव ओतून. शिकवणीला आलेल्या प्रत्येक मुलाला सांगायचे, "आवाज आला नाही तर आधी वाद्य उघडून बघा. स्वतःला नावं ठेवायची घाई करू नका." ऐकून मी थक्क व्हायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

परवा एका मोठ्या कार्यक्रमाची रंगीत तालीम होती. सरांच्या एका विद्यार्थिनीचा ट्रम्पेट खुर्चीवरून पडून वाकला. तालीम बघायला आलेल्या सरांच्या बायकोने घरी धावत जाऊन मला आणलं. मुलीने फुंकलं. फुस्स! तिने शिकवल्याप्रमाणे मला लगेच उघडलं आणि मोठ्याने म्हणाली,

"सर, पहिला आणि तिसरा उलटे बसलेत. कोणी बसवले असे?"

पिस्टन जागेवर बसवून तिने मला सरांच्या हातात दिलं. त्यांनी मला ओठाशी नेलं. सूर आधी कापरा आला, मग सरळ, स्वच्छ, लांब. तो ओठ कधीच बरा झालेला होता! मुलांना काय कळणार, त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावर काटा आला. दाराशी उभी असलेली त्यांची बायको तोंडावर हात ठेवून बाहेर गेली.

सर मला तसंच हातात घेऊन तिच्यामागे जिन्यावर आले.

"मीच धुतला होता हो तो," ती म्हणाली. "एवढी वर्षं... तुम्ही मला एका शब्दाने सांगितलं का नाही, वाजत नाही म्हणून?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि मला वाटलं, वाजवण्यावरून तुमचं मन उडालं. विचारलं तर तुम्हाला लागेल, म्हणून मी घरात रेडिओसुद्धा लावायची नाही!"

सर खाली बसले. "खोटं कशाला बोलू, आत्ता क्षणभर तुझा राग आला. पण उघडून बघायला हवं होतं ते मी. रोज पोरांना सांगतो."

"आता परत वाजवाल?"

"इतक्या वर्षांत सराव गेला. पहिल्यासारखं नाही जमायचं आता."

ती रडली. सरही रडले. आतून मुलांनी हाका मारल्या, तरी दोघं उठले नाहीत. मी मात्र अवाक् होतो. इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला सगळं ठाऊक असणार. एका छपराखाली राहून दोघंही एकमेकांना जपत गप्प बसले होते!

मित्रांनो, आम्हा वाद्यांना धुवा, तेल घाला, पण पिस्टन बसवताना आकडे बघा. आणि घरातलं कुणी एकाएकी गप्प झालं तर 'असेल काहीतरी' म्हणून सोडून देऊ नका. मला सगळं माहीत होतं, पण फुंकणारं कुणी नव्हतं. तुम्हाला बोलायला दुसऱ्याचा श्वास लागत नाही. विचारा.