लेकीच्या उरलेल्या गोळ्या

“आणखी काही औषध चालू आहे का?” डॉक्टरबाईंनी मान वर न करता विचारलं.

“नाही,” सून म्हणाली. मग लाजून तिने हनुवटीला बोट लावलं. “म्हणजे मुरमांच्या गोळ्या तेवढ्या घेतेय. तसं औषध काही नाही.”

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. “मुरमांच्या कसल्या गोळ्या?”

शेजारच्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. सून आई होणार म्हटल्यावर त्या कामावर रजा टाकून, ठेवणीतलं नेसून आल्या होत्या. त्यांना राहवेना. “अहो, माझ्या लेकीच्या उरल्या होत्या. काय गुण आहे म्हणून सांगू! हिचा चेहरा बघा ना आता, कसा तुकतुकीत झालाय.”

डॉक्टरबाईंनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. “नाव काय गोळीचं?”

“नाव नाही बाई ठाऊक. मऊ असते, आत तेलासारखं काहीतरी.”

“आजची घेतली?”

“सकाळीच दिली मी, दुधाबरोबर.”

“आता एकही द्यायची नाही. घरी जा आणि उरल्या असतील तेवढ्या सगळ्या घेऊन या. आत्ताच्या आत्ता.” एवढा चढलेला आवाज त्या खोलीने ऐकला नसावा, कारण बाहेर बसलेल्या बायका दारातून डोकावल्या.

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सासूबाईंना सगळे कात्रीबाई म्हणत. कापडाचे थर लावायचे, खडूने आखायचं आणि कापायचं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. उरलेल्या तुकड्यांतून खिसे निघत, खिशांतून उरलं तर बिल्ल्यांच्या पट्ट्या. मालक त्यांच्यावर खूश होता आणि घरचे बेजार होते, कारण कात्रीबाईंचं कापणं आणि उरवणं घरीही चालूच असे. साबणाचा उरलेला तुकडा नव्या साबणाला चिकटवला जाई. औषधांचंही तेच. कुणाचा आजार बरा झाला की उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात जात आणि पुढे ज्याला तसंच काही होईल त्याच्या पोटात. डब्यात लांब पाकिटं मावत नसत, म्हणून एकेक गोळी चौकोनी कापून, कडेचा जादा कागद छाटून ठेवायची. असा नीटनेटका डबा दुसऱ्या कुठल्या घरात नसेल, असं त्या स्वतःच सांगत.

सून घरात आली ती चेहराभर मुरमं घेऊन. लग्नाचे फोटो आले तेव्हा पोरगी न्हाणीघरात जाऊन रडली. कात्रीबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचा जीव तुटला. लेकीला ज्या गोळीने गुण आला ती सुनेला द्यायची नाही, तर काय डब्यात ठेवून पुजायची? त्या रोज सकाळी एक चौकोन दुधाच्या पेल्याशेजारी ठेवू लागल्या. सुनेचे ओठ फुटले, गुडघे दुखू लागले. “लेकीचंही असंच झालं होतं,” कात्रीबाई म्हणाल्या, “म्हणजे लागू पडतंय.”

घरी येऊन त्यांनी डबा जमिनीवर उपडा केला. नाव सापडेना. एका चौकोनावर दोन अक्षरं होती, दुसऱ्यावर अर्धं. मग त्या फरशीवर बसल्या आणि कापलेला सदरा जुळवावा तसे चौकोन कडेला कड लावून जुळवू लागल्या. नाव जुळलं. त्याखाली एक चित्रही जुळत गेलं. आधी एका बाईचं डोकं, मग पुढे आलेलं पोट, आणि त्या पोटावरून गेलेली जाड तिरपी लाल रेघ.

वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून काढलेलं चित्र होतं ते. कात्रीबाईंनी आपल्या हाताने त्या बाईचे चार तुकडे केले होते.

त्यांनी लेकीला फोन लावला. “तुझ्या त्या मुरमांच्या गोळ्या मी दिल्या गं,” एवढंच म्हणाल्या.

“आई, कुणाला दिल्यास?” लेक किंचाळलीच. “मला कागदावर सही करायला लावली होती गं! मूल राहता कामा नये म्हणाले होते, दर महिन्याला रक्त तपासायचे.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“माझं लग्न कुठं झालं होतं? तुला असलं काय सांगायचं, म्हणून हसण्यावारी नेलं मी.” आणि ती रडायलाच लागली.

चौकोन पिशवीत भरून कात्रीबाई परत गेल्या. डॉक्टरबाईंनी ते टेबलावर जुळवलेले पाहिले. मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं. ओठ फुटतात, सांधे दुखतात, ते गोळी थांबली की बरं होतं. पोटातल्या बाळाचं तसं नसतं. डोकं, हृदय, कान, काहीही बिघडू शकतं. तपासण्या करू, पण सगळं ठीक आहे अशी खात्री कुणी देणार नाही. पुढं काय करायचं ते नवराबायकोने मिळून ठरवायचं.

सुनेने पोटावर हात ठेवला. “मी थोड्याच घेतल्या असतील तर?”

“एकही घ्यायची नसते,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

सुनेने वळून सासूकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर कात्रीबाईंना बरं वाटलं असतं. तिथे नुसता धक्का होता, घरच्याच माणसाने ढकलल्यावर बसतो तसा.

नवराबायकोवर काही ठरवायची वेळ आली नाही. त्याच आठवड्यात सुनेच्या पोटात कळा आल्या आणि सगळं संपलं. कात्रीबाईंचा मुलगा डॉक्टरबाईंना पुन्हा पुन्हा विचारत राहिला, गोळ्यांमुळेच का? “छातीठोक सांगता येणार नाही. असंही होतं कधीकधी,” त्या म्हणाल्या. मुलाने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. कात्रीबाईंना ते धरवेना.

सून घरी आली तेव्हा दुखणं थांबवायच्या गोळ्यांचं खोकं तिच्या उशाशी होतं. कात्रीबाईंनी पाण्याचा पेला आणला, पण खोक्याला हात लावला नाही. “तो येईल एवढ्यात. त्याच्या हातून घे,” म्हणाल्या आणि जायला वळल्या.

“आई.”

त्या थांबल्या.

“त्यात कागद असेल. तो वाचा. मोठ्यानं.”

कात्रीबाईंनी घडी उलगडली. अक्षर बारीक होतं, कागद खिडकीकडे धरावा लागला. त्या अडखळत वाचू लागल्या. पोटात जळजळ. चक्कर. अंगावर पुरळ. उपाशीपोटी घेऊ नये. पुढच्या ओळीवर त्या थांबल्या. ‘गरोदर स्त्रियांनी...’

“मला ते आता लागू नाही,” सून म्हणाली. “पण वाचा.”

त्यांनी वाचलं. ती ओळ, तिच्याखालच्या ओळी, शेवटचं अक्षर येईपर्यंत. मग कागदाची होती तशी घडी घातली.

सुनेने डोळे मिटले होते. तिने पांघरुणातून हात बाहेर काढला आणि गोळीसाठी तळवा उघडून धरला.