मिलाडाची सोय

“झाकण सावकाश काढ, लुबोर. कुणी पाठीमागे लागलंय का तुझ्या?” राडिम म्हणाला.

लागलं होतंच. लुबोर हानाकनं थर्माकोलच्या डब्यातली गरम पाण्याची रबरी पिशवी बाजूला केली आणि खाली ठेवलेली, तोंडाला गाठ मारलेली उशीची खोळ उचलून राडिमच्या हातात दिली. त्या रविवारी चेक देशातल्या ओस्ट्रावा शहरात तापमान उणे नऊ होतं. अशा थंडीत ट्राममधून साप न्यायचा तर याहून चांगली तऱ्हा नाही. खोळीत आफ्रिकेतला ठेंगणा अजगर होता. मादी, वय नऊ, नाव मिलाडा.

लोकांनी हौसेनं घेतलेले आणि मग नकोसे झालेले साप लुबोर बावीस वर्षं आपल्या दोन खोल्यांत सांभाळत होता, घर बघून पुन्हा कुणाला तरी देत होता. ट्रामच्या कारखान्यात वीजतंत्री असल्यामुळे सापांना लागणारी ऊब राखणं हा त्याच्या हातचा मळ होता. पण उद्या सकाळी सातला त्याला दवाखान्यात भरती व्हायचं होतं. आतड्यात गाठ होती, आणि परत येण्याबद्दल डॉक्टर जपून बोलत होते. महिनाभर पायाला भिंगरी लावून त्यानं अठरा सापांची सोय लावली, ताबा घेतल्याच्या अठरा कागदांवर सह्या घेतल्या. उरली ही एक.

मिलाडा खोळीतून बाहेर आली. मान उचलली आणि ती डोलायला लागली. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग अर्धी उलटी. अंगावरची सुंदर जाळीदार नक्षी आणि मानेचा हा झोल एकाच रक्तातून येतात, एक ठेवून दुसरं काढता येत नाही. नक्षी बघून माणसं घेतात आणि झोल बघून घालवून देतात. तीन घरांनी तिला घालवलं होतं. शेवटच्या घरच्यांनी तर पाहुण्यांसमोर लाज वाटते असं सांगितलं होतं.

“काय रंग आहे,” राडिम म्हणाला. त्याचं गॅरेज पेट्यांनी भरलेलं होतं. सापांच्या बाजारात त्याचा गाळा असे. “ठेवतो मी. तुझ्यापेक्षा उबेत ठेवीन.”

“आणि वसंतात?”

“वसंतात नराजवळ सोडीन. साप आहे, शोभेची बरणी नाही.”

“पिल्लांच्या मानाही अशाच हलतील.”

“निम्म्यांच्या. लोकांना चालतं रे.”

“दोन वर्षं चालतं. मग माझ्या दाराशी आणून ठेवतात.”

“उद्यापासून तुझ्या दारात कोण आहे?” राडिम बोलून गेला आणि लगेच ओशाळला. “तसं नाही म्हणायचं मला. पण उद्या तू पोट फाडून घ्यायला निघालायस. आज कसली निवडानिवड करतोस?”

लुबोरनं मिलाडाला गोळा केलं, खोळीत घातलं, गाठ मारली. 

“वेडा आहेस,” राडिम म्हणाला. “थांब, ते पाणी गार झालं असेल.” आणि त्यानं किटली लावली.

ट्राम अर्धी रिकामी होती, तरी लुबोर दाराजवळ उभाच राहिला. साप मागणाऱ्यांच्या वहीत आता एकच नाव उरलं होतं आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं खोडलेलं होतं. टेसारोवाबाई. गेल्या शरद ऋतूत ही एकाहत्तर वर्षांची विधवा साप मागायला आली होती. नवऱ्यानं तीस वर्षं साप पाळले होते. तो गेला, साप गेले, घर फार गप्प झालं, असं म्हणाली होती. लुबोरचा नियम होता की साठीपुढच्या माणसाला साप द्यायचा तर त्याच्यामागे सांभाळणारं दुसरं नाव हवं. हे अजगर तीस-तीस वर्षं जगतात. बाईंना कुणीच नव्हतं. शिवाय मेलेला उंदीर चिमट्यात धरून भरवणं आपल्याला जमणार नाही, ते नवराच करायचा, हेही त्यांनी सरळ सांगून टाकलं. मग लुबोरनं त्यांना पाच मिनिटांत वाटेला लावलं होतं. आता नाक मुठीत धरून त्याच दाराशी जायचं होतं. तो एक थांबा आधीच उतरला, बर्फात उभा राहिला, आणि पुढची ट्राम पकडून पुन्हा निघाला.

चार जिने, लिफ्ट नाही. दार उघडून टेसारोवाबाईंनी आधी डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“हानाकसाहेब. मी तर मागच्या वर्षीच म्हातारी होते. आता काय तरुण झाले?”

“बाई, आत येऊ का? थंडी आहे. मला नाही, हिला.”

“बूट काढा. ह्या घाला, आमच्या ह्यांच्या सपाता आहेत.”

बैठकीच्या खोलीत नवऱ्याची मोठी काचपेटी अजून होती. तिच्यात जिरेनियमच्या कुंड्या ठेवल्या होत्या. लुबोरनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: गाठ, उद्याची सकाळ, राडिम, मानेचा झोल. बाईंनी मध्ये एकदाही ‘अरेरे’ म्हटलं नाही. त्याला ते बरं वाटलं.

“वय काय तुमचं?” त्यांनी विचारलं.

“सहासष्ट.”

“तुमच्यामागे कोण?”

“कुणी नाही.”

“मग तुम्हाला बावीस वर्षं साप दिले कुणी?”

“लोक आणून टाकत गेले,” लुबोर म्हणाला. “विचारलं कुणीच नाही.” असं आहे हे त्याच्या आजवर लक्षातही आलं नव्हतं. “मागच्या वर्षी मी तुमच्याशी नीट वागलो नाही, बाई. चुकलंच माझं.”

“चुकलंच,” त्या म्हणाल्या आणि एकेक कुंडी उचलून खिडकीत ठेवू लागल्या. तोही हात लावायला धावला. तासाभरात त्यानं पेटीखाली बरोबर आणलेली विजेची उबेची गादी जोडली, तापमानाचं बटण बसवलं, तीनदा तपासलं, चौथ्यांदा तपासायला वाकला.

“पुरे. आता सोडा तिला,” बाई म्हणाल्या.

मिलाडा पेटीत उतरली. मान वर झाली, डोलली, कलंडली. बाईंनी चष्मा चढवून बराच वेळ पाहिलं.

“माझे हात असेच हलतात सकाळी,” त्या म्हणाल्या. “कपात चहा कमी, बशीत जास्त. राहू दे तिला.”

लुबोरनं खिशातून कागद काढला, टेबलावर पसरला, पेन ठेवलं. एकोणिसावी सही. ही झाली की तो मोकळा. बाईंनी कागद पूर्ण वाचला आणि घडी करून त्याच्या हातात परत दिला.

“सही नाही करायची मी.”

“म्हणजे? आत्ता तर म्हणालात...”

“राहू दे म्हणाले. सांभाळीन. पाणी देईन, पेटी साफ ठेवीन. पण साप तुमचा. जेवण कधी द्यायचं तिला?”

“परवाच दिलंय. आता तिसऱ्या रविवारी.”

“मग तिसऱ्या रविवारी या आणि भरवा. मला उंदीर धरवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.”

“बाई, मी कदाचित येणारच नाही.” आवाज चढला होता. “मला हे सगळं आज संपवायचंय. समजत का नाही तुम्हाला?”

“समजतं हो. आमचे हेही असेच सगळं आवरून गेले दवाखान्यात. सापांचे कागद, विम्याचे कागद, तळघराची किल्लीसुद्धा शेजाऱ्याला. जाताना एवढा हलका माणूस मी पाहिला नव्हता.” त्यांनी चष्मा काढून अंगावरच्या एप्रनला पुसला. “तुम्ही नाहीच आलात तर मी शिकेन भरवायला. रडत शिकेन. पण तुम्ही यायच्या आधीच नाही शिकणार.”

लुबोरला फार राग आला होता, आणि त्या रागाखाली इतकं भरून आलं होतं की त्यानं पाठ फिरवली आणि नको असताना तापमान पाहिलं. एकतीस. बरोबर होतं.

सकाळी दवाखान्यात नर्सनं त्याचा रक्तदाब घेतला, मनगटावर नावाची पट्टी बांधली, कपड्यांची पिशवी बांधून घेतली. तीन महिने हा रोगी डॉक्टरांपुढे मुक्यासारखा बसत आला होता. किती कापणार, काय उरणार, एका शब्दानं विचारलं नव्हतं. फायलीत तसं कुणीतरी लिहूनही ठेवलं होतं. तरी रीत म्हणून तिनं विचारलं, “काही शंका?”

“तिसऱ्या रविवारी मला चार जिने चढता येतील का?”

नर्सनं फायलीतून मान वर केली. “तिसऱ्या? कठीण आहे. कशासाठी?”

“एकीला जेवू घालायचंय.”

“दुसरं कुणी नाही का घालायला?”

“नाही,” लुबोर म्हणाला. “सावकाश चढलो तर? मध्ये बसत बसत?”

“डॉक्टरांना विचारून सांगते.”

“आत मला नेण्याआधी विचारा,” तो म्हणाला. “बाईंना कळवावं लागेल.”