कुणी बिघडवलं ते लिही

मंगळवारी सकाळी हिल्ला "सापडलं!" म्हणून ओरडली आणि इल्पोच्या पोटात दुखायला लागलं. फिनलंडमधल्या टाम्पेरेच्या त्या ऑफिसात एरवी कुणी ओरडत नसे. तीन आठवडे इल्पो त्या क्रॅशमागे हात धुऊन लागला होता. व्हिडिओ लावून पूर्ण स्क्रीनभर केला, की पाच मिनिटांत पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, ग्राफिक्स ड्रायव्हर, कोसळायचा आणि समोर काळाठिक्कर पडदा. अकरा वर्षं या ड्रायव्हरवर घासलेला माणूस हात टेकून बसतो आणि ऑगस्टात आलेल्या पोरीला चार दिवसांत सापडतं? अंगाचा नुसता तिळपापड झाला त्याच्या!

त्यात त्यांची प्रमुख राइली जूनमध्ये निवृत्त होणार होती. ड्रायव्हरचा कारभार कुणाकडे द्यायचा, हे ती शुक्रवारी सांगणार होती. इल्पोने मनातल्या मनात ते कधीच ठरवून टाकलं होतं.

"कसं शोधलंस गं?" आवाज जमेल तितका गोड करून त्याने विचारलं.

"जुन्या आवृत्त्या चालवत मागे गेले. ग्राफिक्स कार्डाचं चित्र वाचून होईपर्यंत न थांबताच आपण त्या चित्राची मेमरी काढून घेतोय."

"किती मागे?"

"बरीच," ती म्हणाली आणि कॉफी आणायला गेली.

इल्पोने फक्त या वर्षीचे बदल तपासले होते. जुनं कशाला बघायचं, ते तर त्याच्या हाताखालून गेलेलं!

दुरुस्ती तपासायचं काम नेमकं त्याच्याकडेच आलं. मग काय, खुसपटं काढायला ऊत आला. इथे जागा जास्त सोडलीस, तिथे नाव बरं नाही. हिल्ला मुकाट्याने सगळं बदलत गेली. शेवटी त्याला घबाड मिळालं. मूळ बिघाड कोणत्या बदलाने आला, ती ओळ प्रत्येक दुरुस्तीखाली लागते. हिने ती गाळली होती. म्हणजे हिचाच प्रताप! जगभरचे लोक वाचतात त्या ईमेल-यादीवर त्याने लिहिलं, "नियम नव्या लोकांनाही आहेत. कुणी बिघडवलं ते लिही."

हिल्ला त्याच्या टेबलाशी आली. "इल्पो, राहू दे ना ती ओळ."

"का? लाज वाटते?"

"मला? नाही."

"मग लिही की!"

"बरं," ती म्हणाली.

गुरुवारी दोनच्या कॉफीला, दालचिनीचा पाव तोंडात असतानाच, त्याने नवी दुरुस्ती उघडली. खाली ओळ होती. बदल सहा वर्षांपूर्वीचा: 'व्हिडिओ वेगवान केला, नको असलेलं थांबणं काढलं.' लेखक, इल्पो कास्किनेन.

त्याने उरलेला पाव खाली ठेवला. "तुला माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

"मग सांगायचं नाही?"

"शुक्रवार होऊन जाऊ दे म्हटलं. राइलीने मला विचारलं होतं, कारभार कुणाला द्यावा. मी तुझं नाव सांगितलं."

हुशार तर ती होतीच, ते इल्पो कसंबसं गिळत होता. पण एवढं करून पोरगी चांगलीही निघाली, याचा त्याला सगळ्यात जास्त राग आला.